पोटाच्या कॅन्सरची रक्ततपासणी: रिपोर्टमधे गट 'सी' आलाय, म्हणजे नक्की काय?

मोदकताई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. आम्ही जपानमधे, तोक्योच्या निशीकसाई भागात राहतो. इथे कंपनीत दरवर्षी सगळ्यांची तब्येत तपासतात, आणि चाळिशी ओलांडली की त्यात पोटाची तपासणी येते. मागची दोन वर्षं मी बेरियमवाली केली आणि परत करणार नाही अशी शपथ घेतली. आधी फसफसणारी पावडर घशात टाकायला लावतात, पोट फुग्यासारखं फुगतं, ढेकर आली तरी द्यायची नाही (दिली तर परत पावडर!), मग खडू कालवल्यासारखा तो पांढरा द्राव पीत पीत टेबलावर डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डोकं खाली पाय वर. आतल्या खोलीतून तो माणूस माइकवर जपानीत सांगत असतो आणि मी दर वेळी उलट्या बाजूला वळते. घरी येताना जुलाबाच्या गोळ्या हातात. असो.

यंदा फॉर्मवर वेगळा ऑप्शन दिसला, "एबीसी तपासणी", फक्त रक्त द्यायचं. आनंदाने टिक केलं. काल रिपोर्ट आला तो असा:

पेप्सिनोजेन १ : ४१
पेप्सिनोजेन २ : १९.५
गुणोत्तर : २.१
एच. पायलोरी अँटीबॉडी : पॉझिटिव्ह
गट : सी

आणि खाली "एंडोस्कोपी करून घ्यावी". नवरा म्हणाला सी म्हणजे काठावर पास झालीस की. मी मात्र रात्री दोन वाजेपर्यंत फोन घेऊन बसले होते आणि जेवढं वाचलं तेवढी जास्त घाबरले. वय ४२, तसा त्रास काही नाही, कधीमधी जळजळ. हा कॅन्सर आहे का? आणि पुण्यातले माझे दीर दरवर्षी पॅकेजमधे कॅन्सर मार्कर करतात, त्यांचे सगळे नॉर्मल येतात, मी पण तेच करून घेऊ का?

अण्णा_सातारकर

पोरी घाबरू नकोस. ह्या तपासण्या म्हणजे माणसाला पेशंट करायचे कारखाने आहेत. सकाळी अनशापोटी कोमट पाणी आणि चिमूटभर ओवा. मला बारा वर्षं ॲसिडिटी आहे, रोज सकाळी गॅसची गोळी घेतो आणि वर ओवा, मजेत आहे. या वर्षात तर ढेरीपण आपोआप उतरली.

जठराग्नी

मोदकताई, (मी पुण्यात पोटविकारांचीच प्रॅक्टिस करतो, पण इथे लिहितोय ते माहिती म्हणून, तुमचा डॉक्टर तिथला.)

आधी एक गोष्ट, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. या तपासणीला कॅन्सर दिसतच नाही. तिला दिसतं ते एवढंच की जठराचं अस्तर किती शाबूत आहे.

जठराच्या वरच्या मोठ्या भागाला आम्ही बॉडी म्हणतो. तिथल्या ग्रंथी पेप्सिनोजेन बनवतात, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचा कच्चा माल. बहुतेक सगळा पोटात पडतो, थोडासा रक्तात झिरपतो आणि तोच मोजतात. १ नंबरचा माल फक्त या वरच्या भागात तयार होतो. २ नंबरचा तिथेही होतो, खालच्या अँट्रममधेही होतो आणि लहान आतड्याच्या तोंडाशीही थोडा होतो. एच. पायलोरी हा जंतू बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो आणि काढला नाही तर सहसा जन्मभर राहतो, त्याने अस्तराला सूज येते, वर्षानुवर्षांच्या सुजेने ग्रंथी झिजतात. वरचा भाग झिजला की १ नंबर घसरतो, २ नंबर मात्र टिकून असतो, सुजेमुळे उलट वाढलेलाही असतो. म्हणून दोघांचं गुणोत्तर बघायचं. जपानमधली रेघ अशी आहे: १ नंबर ७० किंवा खाली आणि त्याचबरोबर गुणोत्तर ३ किंवा खाली. तुमचं दोन्ही खाली आहे.

गावातल्या डेअरीत दूध कमी यायला लागलं तर गोठे रिकामे होतायत हे कळतं. कुठल्या गोठ्यात साप शिरलाय ते डेअरीच्या वहीत दिसत नाही, त्यासाठी बॅटरी घेऊन गोठ्यातच जावं लागतं. ती बॅटरी म्हणजे एंडोस्कोपी.

आता अक्षरं. जंतू नाही, झीज नाही = ए. जंतू आहे, झीज नाही = बी. जंतू आहे आणि झीजही आहे = सी. आणि जंतू नाही पण झीज आहे = डी.

गणोबा

डॉक्टर एक मिनिट, डी मधे जंतूच नाही तर तो सीपेक्षा बरा ना? अक्षरं उलटी लावलीयेत का?

जठराग्नी

नाही, आणि गंमत तिथेच आहे. डी सगळ्यात वाईट. अस्तर इतकं झिजतं, त्याच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, की त्या जंतूलाच राहायला जागा उरत नाही. घर मोडून भाडेकरू निघून गेला. अँटीबॉडी निगेटिव्ह आल्यावर पेशंट पेढे घेऊन येतात, आणि आम्हाला त्यांना बसवून सांगावं लागतं.

जपानमधला २००५ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, जवळपास ७ हजार लोकांचा साधारण पावणेपाच वर्षं पाठपुरावा. वर्षाला कॅन्सर किती जणांना निघाला, तर ए ०.०४ टक्के, बी ०.०६, सी ०.३५ आणि डी ०.६०. म्हणजे सी गटातल्या हजार लोकांमधे वर्षाला साडेतीन. ए च्या जवळजवळ नऊपट, हे खरं. पण उरलेल्या ९९६ जणांना त्या वर्षी काही झालं नाही, हेही तेवढंच खरं. झोपा आता.

झोपाळा

मोदकताईंच्या दिरांसारखं मीही दरवर्षी फुल बॉडी करतो, त्यात सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ असतात. घरी येऊन रक्त घेऊन जातात, संध्याकाळी पीडीएफ. सगळं हिरव्या रंगात असतं. हे सरळ कॅन्सरचेच मार्कर आहेत मग पेप्सिनोजेनच्या मागे कशाला लागायचं?

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट, जिल्ह्याच्या ठिकाणी. झोपाळाभाऊ, तो हिरवा रंग आमचं सॉफ्टवेअर देतं, पोट नाही देत.

सीईए, सीए १९-९ वगैरे मार्कर गाठ असलीच तर ती गाठ रक्तात सोडते ते पदार्थ आहेत. गाठ बारीक असताना, म्हणजे जेव्हा ती पकडण्यात फायदा असतो तेव्हा, बहुतेक वेळा हे आकडे नॉर्मलच असतात. उलट कॅन्सर नसताना वाढायला यांना कारण लागत नाही. सिगरेट ओढणाऱ्यांचं सीईए थोडं वर असतं. पित्ताशयात खडे आहेत, कावीळ आहे, स्वादुपिंडाला सूज आहे, की सीए १९-९ वर. आणि काही लोकांचा लुईस रक्तगट निगेटिव्ह असतो (हा आपल्या ए, बी, ओ पेक्षा वेगळा), त्यांच्या शरीरात सीए १९-९ बनतच नाही, कॅन्सर केवढाही होवो, आकडा शून्याजवळ. म्हणून हे मार्कर निदान झाल्यानंतर कामाचे: ऑपरेशनआधी किती होता, नंतर किती उतरला, वर्षाने परत चढतोय का.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, पॅकेजमधे १९-९ जरासा वर. घरच्यांनी सोनोग्राफी केली, सीटी केला, एंडोस्कोपी केली, तरी समाधान नाही म्हणून मुंबईला जाऊन पेट स्कॅन. निघाला पित्ताचा खडा. जो पहिल्या सोनोग्राफीतच दिसला होता!! तीन महिने त्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं.

पेप्सिनोजेनची जातकुळीच वेगळी. ते गाठीतून येत नाही, निरोगी अस्तरातून येतं, आणि *कमी* झालं की वाईट. दोन्हीला एकाच ओळीत "मार्कर" म्हणतात म्हणून हा सगळा गोंधळ.

झोपाळा

मान्य, पण काहीच न करण्यापेक्षा बरं ना?

वहिनीसाहेब

नाही हो, कायम बरं नसतं. माझ्या काकांना दोन घास खाल्ले की पोट भरायचं, शौचाला काळी व्हायची. सीईए केलं ते नॉर्मल आलं. तो कागद त्यांनी पाकिटात ठेवला होता, कोणी एंडोस्कोपीचं नाव काढलं की तो काढून दाखवायचे. सहा महिने गेले त्यात. पुढचं लिहीत नाही.

जठराग्नी

वहिनीसाहेब, वाईट वाटलं. हे सगळ्यांनीच वाचावं म्हणून लिहितो: वजन उतरणं, काळी शौच, कारण नसताना रक्त कमी होणं, घास अडकणं, सारखी उलटी, थोड्यात पोट भरणं, यातलं काही असेल तर कुठलीच रक्ततपासणी करत बसायचं नाही, ना मार्कर ना पेप्सिनोजेन. थेट दुर्बीण. ही गाळणी त्रास नसलेल्या माणसांसाठी आहे.

गणोबा

गाळणी म्हणताय तर जरा गणित करूया, मला आकडे दिसल्याशिवाय पटत नाही. पेप्सिनोजेनच्या ४२ आकडेवाऱ्या एकत्र करून काढलेला अंदाज वाचला: कॅन्सर असलेल्या १०० पैकी ७७ पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ७३ जणांना बरोबर सोडते. आता समजा १०,००० माणसं आहेत आणि त्यात २० जणांना कॅन्सर आहे (हा २० मी धरलाय). पकडले १५, सुटले ५. उरलेले ९,९८०, त्यातल्या २७ टक्क्यांना उगाच बोलावलं, म्हणजे साधारण २,७००. एका खऱ्यामागे १८० जणांच्या घशात नळी! याला तपासणी म्हणायचं का छळ?

जठराग्नी

गणित बरोबर, निष्कर्ष अर्धा. त्या २,७०० पैकी बऱ्याच जणांचं अस्तर खरंच झिजलेलं असतं, कॅन्सर नसला तरी. म्हणजे त्यांना "उगाच" बोलावलेलं नाही, पुढे लक्ष कोणावर ठेवायचं ती यादीच मिळाली. निरोगी अस्तर, मग जुनाट सूज, झीज, आतड्यासारखं अस्तर, पेशी बिघडणं, कॅन्सर, ही पायऱ्यांची साखळी पेलायो कोरेया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टनी १९७५ मधे मांडली. उतरायला दशकं लागतात आणि बहुतेक माणसं मधल्याच पायरीवर आयुष्य काढतात. रक्त आपल्याला सांगतं माणूस साधारण कुठल्या पायरीवर आहे.

सुटलेले ५ मात्र खरी दुखरी बाजू. डिफ्यूज नावाचा प्रकार असतो, अस्तर फारसं न झिजताही पसरतो, बऱ्याचदा तरुण वयात. तिथे पेप्सिनोजेन आरामात नॉर्मल. काही घराण्यांत तो वारशाने येतो, न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबावरून १९९८ मधे सीडीएच१ या जनुकातला बिघाड सापडला. अशा घरात ए गट आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

पेनांगब्रिज

सिंगापूरहून. इथे रक्तातल्या १२ मायक्रोआरएनएवर (पेशींतून येणारे आरएनएचे बारीक तुकडे) चालणारी टेस्ट आलीये, २०१९ मधे परवानगी मिळाली. पॉझिटिव्ह आली तरी शेवटी एंडोस्कोपीच करतात म्हणे. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

पावसाळी

अवांतर आहे पण लिहिते. आम्ही यांच्या बँकेच्या बदलीमुळे तीन वर्षं आयझॉलला होतो. तिथे पोटाचा कॅन्सर घरटी कोणालातरी ऐकायचे. नंतर कळलं की भारतात सगळ्यात जास्त प्रमाण मिझोराममधेच आहे. चुलीवर मांस टांगून धुरावलेलं असायचं, आणि तुईबूर म्हणून एक प्रकार, तंबाखूचा धूर पाण्यात जिरवून ते पाणी बाटलीत विकतात. आमच्या शेजारच्या मावशी घोटभर तोंडात घेऊन गप्प बसायच्या, मग पिचकारी टाकून गप्पा परत चालू. हे सगळं कारण धरतात का?

जठराग्नी

धरतात. धुरावलेलं, खारवलेलं आणि तंबाखू, सगळंच. जंतू एकटा सहसा पुरत नाही. नाहीतर आपल्याकडे मोठ्या माणसांत निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असताना बाकी भारतात हा कॅन्सर जपानपेक्षा कितीतरी कमी का, याचं उत्तरच मिळत नाही. पण जंतू *नसेल* तर गाडी सहसा सुरूच होत नाही. जपानमधेच १,५२६ जणांना सरासरी ७.८ वर्षं बघितलं, २००१ मधे छापलं. जंतू असलेल्या १,२४६ मधे ३६ कॅन्सर, नसलेल्या २८० मधे एकही नाही.

म्हणून कोणी विचारायच्या आत सांगतो, जपानचा ७० आणि ३ चा आकडा उचलून इथे सरसकट सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणणार नाही. युरोपात १ नंबरची रेघ ३० च्या आसपास धरतात आणि बरोबर गॅस्ट्रिन-१७ हे जठरातलं संप्रेरक मोजतात, ते खालच्या अँट्रमची खबर देतं. आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर पेप्सिनोजेन आणि गॅस्ट्रिन दोन्ही फुगतात, किडनी अधू असेल तरी पेप्सिनोजेन फुगतं. रिपोर्ट छान, आत बोंब.

मोदकताई

अपडेट. काल एंडोस्कोपी झाली!! इथे नाकातून घालतात, नळी बारीक असते. आधी फेस जाण्यासाठी एक द्राव प्यायला दिला, नाकपुडी बधिर केली, आणि समोर स्क्रीन, मी माझंच पोट बघत होते. डॉक्टरीणबाई अगदी शांत, एका जागी थांबून कर्सरने रेघ दाखवली, इकडचं गुलाबी आणि घड्या असलेलं, तिकडचं फिकट, सपाट, आतून शिरा दिसतायत. म्हणाल्या झीज इथपर्यंत चढलीये. रिपोर्टवर लिहिलं सी-२. मी म्हटलं इथेही सी! तर ही वेगळी मोजणी निघाली, किमुरा-ताकेमोतो म्हणून, सी-१ पासून ओ-३ पर्यंत जाते. गाठ नाही. तुकडे तपासले त्यात खालच्या भागात थोडं आतड्यासारखं अस्तर, बिघडलेल्या पेशी नाहीत.

आता सात दिवसांचा कोर्स, व्होनोप्राझान (आम्ल कमी करणारं औषध) आणि दोन अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळचा एकेक पत्ता वेगळा करून दिलाय. इथे २०१३ पासून या सुजेसाठी जंतू काढायचा खर्च विम्यात बसतो, पण आधी एंडोस्कोपी झालेली पाहिजे. तोंडाला कडू लोखंडासारखी चव येते, आज वरणभातही तसाच लागला. विमानतळावरून आणलेली चितळ्यांची बाकरवडीपण!

हे सगळं आईला फोनवर सांगत होते (आई रत्नागिरीला) तर ती म्हणे माझं रक्त सारखं कमीच असतं, हिमोग्लोबिन ८.९, बी-१२ पण एकदम तळाला. डॉक्टरांनी शाकाहारी असाल म्हणून सांगितलं. आई आणि शाकाहारी! बाजारात बांगडा नसेल त्या दिवशी घरात सुतक असतं.

जठराग्नी

मासे खाणाऱ्या बाईचं बी-१२ तळाला? आईंना थायरॉईड आहे का हो?

मोदकताई

पंधरा वर्षं गोळी चालू आहे! तुम्हाला कसं कळलं?

जठराग्नी

कळलं नाही, शंका आली. थायरॉईडवर शरीर स्वतःच हल्ला करतं तसं काही जणांत जठराच्या बॉडीवरही करतं, ही जोडी बऱ्याचदा बरोबर असते. मग आम्ल बनत नाही म्हणून लोह शोषलं जात नाही, आणि बी-१२ आत घ्यायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टर बनत नाही. कितीही बांगडे खा. तिथल्या डॉक्टरांना विचारा: पेप्सिनोजेन, उपाशीपोटी गॅस्ट्रिन, आणि पराएटल पेशी (आम्ल बनवणाऱ्या) व इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटीबॉडी. आणि एंडोस्कोपी, हिमोग्लोबिन ८.९ असताना ती तशीही हवीच.

सूक्ष्मदर्शी

+१. पेप्सिनोजेन छोट्या लॅबमधे होत नाही, बाहेर पाठवावं लागतं, आठवडा धरा. आणि गॅस्ट्रिनची बाटली गार ठेवून पाठवा म्हणावं, नाहीतर आकडा उगाच कमी येतो.

मोदकताई

बऱ्याच दिवसांनी आले, रागावू नका. दोन बातम्या.

माझी फुंकर तपासणी झाली, औषध पिऊन वीस मिनिटांनी पिशवीत फुंकायचं. इथली रेघ २.५ आहे, माझा आकडा ०.४. जंतू गेला. बाईंनी बजावलंय की पुढच्या वर्षी फॉर्मवर एबीसीला परत टिक करायचं नाही, जंतू काढल्यावर ते आकडे सुधारतात आणि खोटा ए येऊ शकतो. झिजलेलं झिजलेलंच असतं. दरवर्षी नाकातून नळी. बेरियम नाही म्हणून मी तर खूष.

आईचं: पेप्सिनोजेन १ फक्त ८, गुणोत्तर ०.७, गॅस्ट्रिन हजाराच्या वर, दोन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह, एच. पायलोरी निगेटिव्ह. एंडोस्कोपीत वरचा भाग अगदी सपाट, दोन बारीक पॉलिप काढले, साधे निघाले. आता बी-१२ ची इंजेक्शनं आणि ठराविक वर्षांनी दुर्बीण. मी तिला म्हटलं आई इथल्या हिशोबाने तुझा डी. तर म्हणे बघ, जंतू निगेटिव्ह म्हणून मी त्या कंपाउंडरला पेढे देणार होते.

अण्णा_सातारकर

मोदकताई अभिनंदन. हा धागा मुलाने वाचून दाखवला. डॉक्टरसाहेब, एक शंका. माझी गॅसची गोळी बारा वर्षं चालू आहे, ते पेप्सिनोजेन का काय ते करायचं तर गोळी किती दिवस आधी बंद करू?

जठराग्नी

अण्णा, गोळीचं नंतर बघू. वर तुम्ही ढेरी उतरली म्हणालात, ती किती किलो आणि किती महिन्यांत? मुलाला सांगा, मला निरोप पाठवा, आजच.